रॅकची कोरी पानं

कोल्हापूर, मंगळवार

मित्रवर्य, लिहायला उशीर झाला, माफी असावी. दुपारी उडालेला जीव आत्ता कुठं थाऱ्यावर आलाय.

आमच्या शिरोलीच्या फौंड्रीत कुठला पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा लाकडी नमुना, कुठल्या रॅकवर ठेवलाय, ते कॉम्प्युटर दाखवतो. रॅक आणि कप्पा वेगळे दिसू देत, हा हट्ट माझाच. नातीनं, सायलीनं, त्यासाठी पुण्याहून कॉम्प्युटरातलं नोंदींचं टेबल बदललं आणि स्क्रीनवरची माझी सगळी पानं कोरी! इतक्या वर्षांच्या नोंदी माझ्यापायी गेल्या? खडू घेऊन रॅकवर आकडे लिहीत सुटलो. मग फोन केला.

ती हसलीच. "आबा, नोंदी टेबलात हाईत की. तुमची ती पानं म्हंजे व्ह्यू, नुसत्या बघायच्या खिडक्या. टेबल बदलायला त्या काढल्या, परत बसवायच्या राहिल्या. चूक माझी."

"आणि परत विसरलीस तर?"

"आता कोडमध्येच लिहिलंय. टेबल बदललं की खिडक्या आपोआप बसतील. तो खडू ठेवा खाली!"

खडूचं मी बोललोच नव्हतो. ओळखते मला.

तिनं खिडक्या बसवल्या आणि पानं भरली. सातवी शिकलेल्या म्हाताऱ्याला ती न रागावता समजावते, आणखी काय पाहिजे? पण आज रात्री ती दुसरं टेबल बदलणार आहे. बसतील ना आपोआप? तिला सांगून ठेवलंय, पोरी, सगळं दिसायला लागलं की लगेच फोन कर.