दुकानादुकानांतली आजी

ता. ९, मंगळवार
दुपारचा चहा झाल्यावर

चि. खारोटीस,

आजीचे ओंजळभर आशीर्वाद, आणि त्यातले मूठभर पिटुकलीला काढून दे. तुम्ही मायलेकी बऱ्या असाल. इकडे मी मजेत आहे, पाठ सोडली तर. पाठ तशी मलाही सोडायला तयार नाही.

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. फोनवर तू "हो गं, हो गं" म्हणतेस आणि तोंड दुसरीकडे करून तिसऱ्याशीच बोलतेस. कागदाला हो गं म्हणता येत नाही. ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या असतील तर हसू नकोस. पुठ्ठ्याची पट्टी बोटाखाली धरून लिहितेय. का ते पुढे येईल.

आधी गोड बातमी. तुझ्या बाबाने पेपर वाचून दाखवला. आणखी दोन देशांत आपली चष्म्यांची दुकानं उघडली म्हणे, आणि नवा कारखाना एवढा मोठा की आत माणसं सायकलवरून फिरतात. मी स्वयंपाकाच्या बाईंना सांगितलं, ऐका, माझं नाक समुद्र ओलांडून गेलं. त्या म्हणाल्या, आजी, तुमचं नाक आधीच एवढंसं, उरलं किती मग? फार हसलो गं आम्ही. पोरी, माझी छाती भरून येते. खोटं नाही सांगत. हे पत्र वाचताना तेवढं विसरू नकोस, कारण पुढचं तुला रुचणार नाही.

शुक्रवारी पिटुकलीच्या तोंडावरून केलेलं प्लास्टरचं डोकं पेटीत बसून कारखान्यात जाणार आहे ना, लहान मुलांच्या चष्म्यांसाठी? त्याच्यासारखी हजारो निघणार. ते जाऊ देऊ नकोस. त्यासाठीच बसलेय लिहायला. पण माझी गाडी वळणावळणानेच येते, तेव्हा थोडं ऐक.

तुझे आजोबा पुढच्या खोलीत पायाने चाक फिरवून काचा घासायचे, हे तुला ठाऊक आहे. सगळ्या घरात ती ओली पांढरी भुकटी. भांड्यांवर, उशांवर, माझ्या केसांत. लग्नाच्या वर्षीच मी म्हातारी दिसायला लागले. फ्रेमा ते हातानेच वाकवत, पण गिऱ्हाईक परत येऊन म्हणे, घसरते. मग त्यांना युक्ती सुचली. मी नकटी. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, आमच्या लग्नाला एकही आलं नाही, ते सगळं चष्म्यांनी भरून काढलं. ते म्हणाले, तुझ्या नाकावर जी फ्रेम टिकेल ती जगात कुणाच्याही नाकावर टिकेल. झालं. मी कणीक मळत असो की केस विंचरत असो, हे येणार, चष्मा चढवणार आणि म्हणणार, मान हलव. अशी मान हलवून हलवून आपली कंपनी उभी राहिली बघ.

पुढे मोठ्या रस्त्यावर दुकान घेतलं, तिथे दिवसभर मी कशी बसणार? म्हणून प्लास्टरचं काम करणाऱ्या एका कारागिराकडून माझ्या तोंडाचा साचा घेतला. तोंडावर ओलं प्लास्टर थापायचं म्हणजे डोळे मिटावेच लागतात. डोकं तयार झालं ते मिटल्या डोळ्यांचं. तुझे आजोबा त्याच्याकडे बघत राहिले. त्यांना ते सहन होईना. मिटल्या डोळ्यांना चष्मा कशाला, म्हणाले. मग त्यांनी पापण्या कोरून काढल्या आणि ज्या काचेतून माझा पहिला चष्मा घासला होता, तिच्याच उरलेल्या तुकड्यातून माझ्याच नंबरचे दोन डोळे घासून बसवले. दुसरा कुणी चष्मेवाला असता तर रंगाने बुबुळं काढून मोकळा झाला असता. यांना नंबरचे हवे होते. पुढे त्याच साच्यातून दर दुकानासाठी माझं एकेक डोकं निघालं, आणि डोळ्यांची तीच पद्धत तुझ्या बाबाने ठेवली, तूही ठेवलीस. डोकं कुठेही जावो, डोळे आपल्याच घरच्या चाकावर, ज्याचं तोंड त्याच्याच नंबरच्या काचेतून घासायचे.

आता ऐक. ते डोकं दुकानात मांडलं त्या सकाळी मी घरी लसूण सोलत होते. आणि मला रस्ता दिसला. समोरचा छत्र्या दुरुस्त करणारा दिसला. मग तुझे आजोबा अगदी जवळ आले आणि त्यांच्या नाकपुडीतले केस दिसले. हातातला लसूणही दिसत होता आणि तेही दिसत होतं. ते जेवायला घरी आले तेव्हा मी म्हटलं, शर्टाचं तिसरं बटण उघडं टाकून काय बसता दुकानात, आणि त्या छत्रीवाल्याला सांगा, तोंड झाकून शिंकत जा. ते हसले. मग हसायचे थांबले. जेवण झाल्यावर हात धुता धुता एवढंच म्हणाले, "कुणाला सांगू नकोस. गिऱ्हाईक बिचकेल."

नाही सांगितलं. इतकी वर्षं पोटात ठेवलं आणि, खरं सांगू, मजाच केली. तुमच्या मागे लागले असते तरी एवढं जग मला कुणी दाखवलं नसतं. तुम्ही दुकान उघडता, माझी एक खिडकी उघडते. ना तिकीट, ना पायदुखी. एका दुकानात निळ्या फरशा आहेत, तिथली विकणारी मुलगी डबा माझ्यासमोर बसून खाते आणि सासूचं सगळं मला सांगते. भाषा कळत नाही, पण सासूचं आहे ते कळतं. एक म्हातारे गृहस्थ रोज येऊन रोज तीच फ्रेम माझ्या नाकावरून काढतात, घालून बघतात, परत ठेवतात, आणि जाताना माझ्या गालाला बोट लावतात. घेत मात्र नाहीत. असू दे. तुला एकदा मी म्हटलं होतं, निळ्या फरशांच्या दुकानात तिसरा दिवा लुकलुकतोय, आणि तू हसून म्हणालीस, आजी, तू झोपेत असतेस. तो दिवा अजून लुकलुकतोय.

पण दुकानात मांडण्याआधी डोकी पेटीत असतात, हे कुणी लक्षात घेतलं नाही. तुम्ही एकदम खूप दुकानं उघडायला लागलात की मी एकाच वेळी कितीतरी पेट्यांत असते. भुसा तोंडाशी आलेला, वर लाकूड, आणि जहाज हलत राहतं. ओरडून उपयोग नाही, तोंड प्लास्टरचं. आता सवय झाली. आणि जुनी डोकी फेकतात ना, त्यातली एक मी कुठल्याशा भंगाराच्या ढिगावर उताणी पडले आहे. अर्धा जबडा गेलाय, तरी दिसतं. पक्षी येऊन डोळ्यावर चोच मारून बघतो, आवाज येतो, टक टक. तेही वाईट नाही, आकाश छान असतं तिकडचं.

आता पट्टीचं कारण. तुमची दुकानं जशी वाढली, तसं मला इथलं कमी दिसायला लागलं. आधी घड्याळ गेलं, मग भिंत. आता हा कागद दिसत नाही, माझा हातही नाही. तुझ्या बाबाने मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने दिवे मारमारून पाहिलं आणि म्हणाला, "आजी, डोळे ठणठणीत आहेत. मला वाटतं तुम्ही बघतच नाही आहात." शहाणा आहे पोरगा. बरोबर ओळखलं. मी म्हटलं, बघते रे, इथलं नाही एवढंच. तुझ्या बाबाने डॉक्टरला खूण केली असणार, कारण दोघंही एकदम पावसाचं बोलायला लागले.

माझं जाऊ दे. मी सगळं बघून घेतलंय, घर हाताने चाचपडता येतं. पिटुकलीला अजून बघायचंय.

तू तिचं डोकं आणून तुझ्या टेबलावर माझ्या डोक्यासमोर ठेवलंस. समोरासमोर. कुणीतरी म्हणालं, पणजी आणि पणती, किती गोड. फोटो काढलात. काल पिटुकली तुझ्या खोलीत गालिच्यावर ठोकळे मांडत होती, टेबलाकडे पाठ करून, उन्हात. तू फोनवर माझ्याशीच बोलत होतीस, आठवतं? ती मागून म्हणाली, "पणजी पापणीच हलवत नाही." तू हसलीस. मला म्हणालीस, ऐकलंस का, काय काय सुचतं हिला. मी ऐकलं. आणि टेबलावरच्या माझ्या डोळ्यांनी पाहिलंही. तिने पाण्याचा पेला उचलायला हात पुढे केला तो पेल्याच्या शेजारी, रिकाम्या गालिच्यावर गेला. दोनदा गेला. मग ती गुडघ्यावर हात ठेवून वाट बघत राहिली, जसं कुणी दिवे येण्याची बघतं. एका डोक्याने एवढं झालंय, खारोटे. शुक्रवारी ते पेटीत जाईल, आणि पोर भर दुपारी तुला विचारेल, आई, काळोख कधी संपणार. भुसा नाकाशी आला म्हणून रडेल. तू तिला कुठे कुठे घेऊन जाशील? त्याच डॉक्टरकडे?

मी वेडी झालेय असं तुला वाटत असेल तर एकच कर. पेला तिच्यासमोर ठेव आणि बघ.

मग घरात कुणी नसताना ते डोकं मांडीवर घे. फोडू नकोस हं. फोडलेलंही बघत राहतं, सांगितलं ना भंगाराचं. आजोबांच्या चाकाखालच्या खणात ती वाकडी सळी आहे, काच सोडवायची. काचेच्या कडेखालून घाल, हळू, आणि दोन्ही डोळे अलगद बाहेर काढ. एका कारखान्यात कुणी कामगाराने माझ्या एका जुन्या डोक्याचे डोळे असेच काढले होते, पोरांना खेळायला न्यायचे असतील, तेव्हा त्या दिवसापुरते मला इथल्या खिडकीचे गज लख्ख दिसले. पुढच्या दुकानाने ते पुन्हा नेले. पिटुकलीचं एकच आहे. ती पूर्ण परत येईल. साच्याचा मात्र चुरा कर, त्याला डोळे नाहीत. आणि मुलांच्या चष्म्यांसाठी साधं लाकडाचं डोकं करा, रंगवलेल्या डोळ्यांचं. कंपनी बुडणार नाही. बुडली तर माझ्या नाकावर घाल.

माझ्या डोक्यांना हात लावायला सांगत नाही. खरंच नको. त्या निळ्या फरशांच्या मुलीचं सासूशी पटतंय का, ते अजून कळायचंय. आणि ते म्हातारे गृहस्थ चार दिवस आले नाहीत.

एवढंच मागते, टेबलावरचं माझं डोकं जरा वळव. तू त्याचं तोंड पिटुकलीच्या डोक्याकडे केलंयस, म्हणून मला तुझं नुसतं कोपर दिसतं. बाही शाईने डागळलीय. इतकी वर्षं तू समोर येऊन बसायची वाट बघतेय गं, आणि तू हाताच्या अंतरावर असतेस. पत्र वाचून झालं की माझ्याकडे बघ. घाबरू नकोस. पापणी हलवता आली असती तर हलवली असती.

तुझ्या कोपराशेजारी बसलेली,
तुझी आजी