तूर्त अपात्र

४ सप्टेंबर, सोमवार

फलकावर नोटीस लागली. पन्नाशी ओलांडलेल्या सगळ्यांची वैद्यकीय तपासणी. बुधवारी, उपाशीपोटी. वा! सव्वीस वर्षं क्रेनच्या केबिनमध्ये बसतोय, पत्र्याच्या शेडमध्ये, जमिनीपासून चाळीस फूट वर. आजवर कुणी विचारलं नाही, बाबा जगलास का मेलास. आता एकदम माया ऊतू चाललीय!

खाली लोखंडी पाइपांचे गठ्ठे, वर मी. चार टनांचा गठ्ठा कपबशी ठेवावी तसा ठेवतो, आवाज नाही. अशा माणसाला म्हणे तपासायचं.

हिला सांगितलं. "बरंच झालं," एवढं म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिली. हिचा भाऊ आला होता – दिवसभरात किती पावलं चाललो ते मनगटावर बघणारा इसम. "भाऊजी, आपल्या वयात ना..." म्हणून सुरू झाला. आपल्या म्हणे! हा माझ्याहून सहा वर्षांनी लहान, आणि दोन जिने चढला की कुत्र्यासारखा धापा टाकतो.

६ सप्टेंबर, बुधवार

तपासणी झाली. झाली म्हणजे काय – धिंडवडे.

एक बाई रक्त काढायला बसलेली. शीर सापडेना. "शिरा लपल्यात तुमच्या," म्हणते. लपतील नाही तर काय, तू सुई घेऊन मागे लागलीस तर! मग छातीचा फोटो. "श्वास आत घ्या, सोडू नका," असं सांगून फोटोवाला दाराशी कुणाशी तरी बोलत उभा राहिला. मी आपला फुग्यासारखा फुगून उभा. उंची एक इंच कमी भरली. "वयानं होतं," म्हणे. इंच गेला कुठे ते कुणी सांगितलं नाही.

डोळ्यांच्या पाटीवर मात्र मी बाजी मारली. माझ्या पुढे वेल्डर होता, त्यानं ती अक्षरं अडखळत चार वेळा वाचली. माझी पाठ झाली. शेवटची ओळ एका दमात म्हणून दाखवली! पाटीवाला खूश.

तिथंच सुटायला हवं होतं. पण आत डोळ्यांची डॉक्टर बसलेली, आमच्या लेकीच्या वयाची. तिनं एक निळा दिवा बुबुळाला टेकवून काहीतरी मोजलं. परत मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. पोरीला यंत्र चालवता येत नाही असं माझं मत झालं.

"घरात कुणाला काचबिंदू होता का?"

"वडिलांना शेवटी दिसत नव्हतं. पण ते म्हातारपणामुळं."

"किती वर्षांचे होते?"

"साठ."

ती लिहीत बसली. ह्यांना लिहायला काहीतरी लागतंच.

७ सप्टेंबर, गुरुवार

कुणाचा फोन नाही. म्हणजे ठणठणीत. हिला तसं सांगितलं. मेव्हण्यालाही मुद्दाम फोन करून सांगितलं.

११ सप्टेंबर, सोमवार

साहेबांनी वर जायच्या आधीच बोलावलं. हातात लिफाफा. पहिलं पान वाचून मला हसूच आलं – साखर नाही, हृदय उत्तम, फुप्फुसं उत्तम, रक्तदाब पोराला लाजवेल असा! म्हटलं, हे फ्रेम करून मेव्हण्याच्या घरी टांगावं.

"दुसरं पान बघा," साहेब म्हणाले.

दुसऱ्या पानावर तीन ओळी. डोळ्यांचा दाब वाढलेला. बाजूच्या नजरेची तपासणी करावी. तोपर्यंत क्रेन चालवण्यास तूर्त अपात्र.

तूर्त अपात्र! हा शब्द कुणी शोधून काढला? खुर्चीत बसून शोधला असणार. मी म्हटलं, साहेब, शेवटची ओळ वाचलीय मी. साहेब म्हणाले, "अहो, समोरचं वाचता येणं वेगळं." ह्यांना स्वतःला टेबलावरचा चष्मा टेबलावर सापडत नाही.

माझ्या केबिनमध्ये आज दुसऱ्या पाळीचा जाड्या चढला. शिडी करकरली. मी खाली, स्टोअरच्या खिडकीशी, पाइपांना चिठ्ठ्या चिकटवत. जाड्यानं पहिलाच गठ्ठा धाडकन आपटला. बरं वाटलं.

१२ सप्टेंबर, मंगळवार

बाजूच्या नजरेची तपासणी. एका पांढऱ्या घमेल्यात तोंड घालायचं, हनुवटी टेकवायची, एका डोळ्यावर पट्टी. मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि कडेला कुठे बारीक उजेड चमकला की बटण दाबायचं. पोरांचा खेळ! मी पटापट दाबत होतो. उजवा डोळा झाला. डाव्याला बसवलं, तर बराच वेळ काही चमकेचना. मी म्हटलं, "बाई, यंत्र बंद पडलंय तुमचं."

"चालू आहे," ती बाई म्हणाली.

मग मी अंदाजानं दाबायला लागलो. यंत्राला तेही कळतं म्हणे.

डॉक्टरनं दोन चित्रं पुढे ठेवली. उजव्याच्या कडेला थोडी काजळी लागलेली. डाव्याचं चित्र जवळजवळ सगळं काळं, मध्ये रुपयाएवढं पांढरं.

"त्या पांढऱ्यातून तुम्ही पाटी वाचलीत," म्हणाली. "बाकीचं गेलंय. एका दिवसात नाही, कित्येक वर्षांत. दुखत नाही म्हणून कळत नाही."

"औषधानं येईल ना परत?"

"गेलेलं येत नाही. आहे ते टिकवायचं. रोज थेंब घालायचे, मरेपर्यंत."

"आणि क्रेन?"

तिनं मान हलवली. सव्वीस वर्षं, आणि मान हलवली!

१३ सप्टेंबर, बुधवार

दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो. पांढऱ्या केसांचा, अनुभवी. त्यानंही तेच सांगितलं, फक्त जास्त वेळ लावून.

मेव्हणा येऊन गेला. सहानुभूतीचा चेहरा करून बसला होता. तो चेहरा त्याला शोभत नाही.

१४ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी चहा पीत बसलो होतो. हिच्या नावानं ओरडलो – अगं, थेंबाची बाटली कुठाय? एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ओरडलो तेव्हा अगदी कानाशी ही म्हणाली, "इथंच तर बसलेय मघापासून." डावीकडच्या खुर्चीवर. मांडीवर मटारचं ताट.

"मग बोलायचं नाही का!"

"बाटली पुढे धरून बसलेय की कधीची. मला वाटलं, रागावलायत म्हणून बघत नाही."

मग म्हणाली, "असं पुष्कळदा होतं. मी तशीच उठून जाते." मटार सोलायला लागली.

चहा तसाच राहिला. कारण माझ्या डोक्यात फेब्रुवारी आला. आता इथं लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

क्रेनवाल्याला खालून हातानं खुणा करणारा एक माणूस असतो, सिग्नलवाला. आमचा सिग्नलवाला उंच, किडकिडीत, एका पायावर भार टाकून उभा राहायचा. मीच त्याचं नाव बगळा ठेवलं. सिग्नलवाल्यानं माझ्या समोर उभं राहायचं हा नियम. हा शहाणा खूण करून झाली की डावीकडच्या दाराशी जाऊन उभा! त्या दारानं माणसं पाणी प्यायला जातात-येतात. मी वरून किती शिव्या घातल्या. तो नुसता हसायचा.

फेब्रुवारीत त्या दारापाशी गठ्ठा फिरला आणि बगळ्याला लागला. खांद्याचं हाड मोडलं. चौकशी झाली. मी लिहून दिलं – मी डोळ्यांत तेल घालून काम करतो, ती जागा रिकामी होती, मला स्पष्ट दिसत होतं, हा नियम मोडून मध्ये आला. सही ठोकली. बगळा चौकशीत तोंड उघडेना. मी बाहेर येऊन सगळ्यांना म्हटलं, बघा, चोर गप्पच बसतो.

त्याला काढून टाकलं. मी त्या संध्याकाळी पोटभर जेवलो होतो, हेही आठवतंय.

रिकामी जागा! मला काय रिकामं दिसलं आणि काय दिसलंच नाही, हे मला कसं कळणार होतं? पण लिहून तर दिलं. ठणकावून!

१५ सप्टेंबर, शुक्रवार

साहेबांना सांगितलं, फेब्रुवारीतला जबाब खोटा आहे. त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"तुम्हाला तेव्हा माहीत होतं का?"

"नाही."

"मग खोटा कसा? झालं ते झालं. कागद मिटलाय. उगाच तुमच्यावर शेकेल, माझ्यावर शेकेल. तुम्ही स्टोअरमध्ये बसा आरामात, दोन-चार वर्षं राहिलीत."

आराम! ह्या माणसाला मी आजवर नमस्कार करत आलो. तसे आम्ही दोघं एकाच माळेचे मणी. त्यानं दार लावलं, मी सही केली.

स्टोअरमध्ये बसून दोन पानं लिहिली. डॉक्टरच्या चित्रांची प्रत जोडली. बगळ्याला परत घ्यावं असं स्पष्ट लिहिलं. एक प्रत साहेबांच्या टेबलावर, एक वरच्या कचेरीत, शिक्का मारून. साहेब म्हणाले, "वेड लागलंय तुम्हाला." मी म्हटलं, तपासून घ्या, तेवढंच राहिलंय.

१६ सप्टेंबर, शनिवार

उद्या बगळ्याकडे जायचं. ही म्हणाली, मी येते. नको म्हटलं. काय बोलायचं ते आरशासमोर म्हणून बघितलं. चार वाक्यांत स्वतःचीच वकिली करत होतो. शी!

१७ सप्टेंबर, रविवार

बगळा एका शाळेच्या फाटकाशी वॉचमन आहे. डावा हात खांद्याच्या वर जात नाही. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं – तुझी चूक नव्हती, मला डावीकडचं दिसतच नव्हतं.

"माहीत होतं की," म्हणाला. "दोन वर्षं बघत होतो, डावीकडून केलेली खूण तुम्हाला कळायची नाही. म्हणून तर दाराशी उभा राहायचो. पाण्याला येणारी माणसं अडवायला."

"अरे, मग कुणाला बोलला का नाहीस? चौकशीत तरी!"

त्यानं खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"दादा, क्रेन गेली असती ना तुमची."