पत्रे माझ्या देखरेखीखाली उतरले

१ मे, शुक्रवार. सुट्टी.
सकाळी घरमालक रंगनाथ तात्या दारात. म्हणाले, पाचही खोल्यांचे सिमेंटचे पत्रे काढून नवे लोखंडी टाकायचे. सतरा तारखेला अधिक महिना लागतो, त्यात नवे काम काढायचे नाही, आणि पुढे पाऊस. म्हणून आताच.
शेजारचा धम्मपाल पूर्वी अशा कामावर होता. म्हणाला, दीपक, हे ॲसबेस्टॉसचे पत्रे आहेत. फोडले की बारीक धूळ उडते, छातीत बसते, निघत नाही.
सायलीला सातवा महिना आहे. ती म्हणाली, मी देवळ्याला माहेरी जाते. योग्य वेळी मीच नेईन असे सांगितले.

२ मे, शनिवार.
मोबाइलवर वाचून नियम काढले. १) भाडेकरूंना आधी लेखी कळवणे. २) पत्रे पाण्याने ओले करून, न फोडता, अख्खे उतरवणे. ३) काम चालू असताना खोलीत कोणी नसणे. ४) तुकडे प्लॅस्टिकमध्ये बांधून दूर नेणे.
शिवाय एक अत्यंत महत्त्वाचे वाक्य सापडले: भाडेकरूने ताबा सोडू नये.
नियम ३ आणि ताबा यांचा मेळ बसत नाही. विचार चालू आहे.

४ मे, सोमवार. संध्याकाळी ६.
चारही नियम पाळावेत असा अर्ज तात्यांना दिला. चौथ्यांदा उतरवलेली स्वच्छ प्रत. तात्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. म्हणाले, काय अक्षर आहे रे. सगळे मान्य. असा माणूस देखरेखीला पाहिजे, तूच उभा राहा. कंपनीत आठवड्याची रजा टाकली.
धम्मपालला सांगितले. तो म्हणाला, म्हणजे बिनपगारी मुकादम झालास. मत्सर.

५ मे, मंगळवार.
मेळ बसला. सतरापासून धोंड्याचा महिना. लग्नानंतरचा आमचा पहिलाच. सासरे जावयाला रीतसर बोलावणारच. तेव्हा सायलीला घेऊन जायचे आणि तिला तिथेच ठेवायचे. पाहुणचाराला जाणे म्हणजे ताबा सोडणे नव्हे. त्याआधी बिनबोलावता गेलो तर मानही जाईल.
सायली म्हणाली, पत्रे धोंड्याची वाट बघणार आहेत का. तिला कायदा समजत नाही.

८ मे, शुक्रवार.
धम्मपालने बायको सविता आणि मुलगी सृष्टी यांना बहिणीकडे घोटीला पाठवले. खोलीला कुलूप. जाताना म्हणाला, वहिनींना पाठव रे, जागा होईल तिथे. मी ताब्याचे वाक्य वाचून दाखवले. त्याने कुलूप ओढून पाहिले आणि निघाला.

९ मे, शनिवार.
काम सुरू. तात्यांनी नारळ फोडून त्याचे पाणी पत्र्यांवर शिंपडले. नियम २ पुढे टीक केली.
मग तात्यांचे मजूर राजू आणि मनोज हातोडे घेऊन वर चढले. मी खालून म्हणालो, फोडायचे नाहीत, अख्खे उतरवायचे. राजू म्हणाला, साहेब, बोल्ट गंजलेत, अख्खे कशे निघतील. तुम्ही तोंड मिटा, धूळ जाईल.
सल्ला योग्य होता. तोंडाला रुमाल बांधून देखरेख केली.

१० मे, रविवार.
सायली मोरीत बसते, दाराला ओली चादर लावून. ती चादर माझी कल्पना. आमटीवर राखाडी साय आली होती. ओल्या फडक्याने भांडी पुसली. वाळल्यावर परत तसेच.

१२ मे, मंगळवार.
आमचे छप्पर गेले. वर ताडपत्री. उन्हाचे कवडसे पडतात. प्रत्येक कवडशात धूळ तरंगताना दिसते. ती खाली बसतच नाही.
सायलीला कोरडा खोकला. कैऱ्या फार खाल्ल्या. बंद करायला सांगितले. तिने वडिलांना फोन करायला मोबाइल मागितला. पाच दिवस धीर धर म्हणालो.

१४ मे, गुरुवार.
तुकड्यांसाठी प्लॅस्टिक आले नाही. तात्यांनी ते दारापुढच्या खड्ड्यांत भराव म्हणून टाकले. दूर नेले नाहीत, पण जमिनीत गेले. नियम ४ पुढे अर्धी टीक. त्यावरून चालले की करकर वाजते.
सायली आज बसून झोपली. आडवे झाले की खोकला वाढतो म्हणते.

१५ मे, शुक्रवार.
नवे पत्रे बसले. तात्यांनी कागद आणला: सर्व काम दीपक यांच्या देखरेखीखाली सुरक्षीत झाले, भाडेकरूंची तक्रार नाही. 'सुरक्षीत' दुरुस्त करून 'सुरक्षित' केले. सही केली.

१६ मे, शनिवार. सकाळी ७.
सासरे कांद्याची पिकअप घेऊन आले. सायलीने मागच्या खोलीतल्या अक्काबाईंच्या फोनवरून बोलावले होते. टेकले नाहीत, चहा घेतला नाही. म्हणाले, पोरीला फोनवर बोलता येईना, नुसती खोकत व्हती.
मी म्हणालो, उद्या धोंडा लागतोच, मीही येतो. म्हणाले, गाडीत जागा नाय.
पिकअप रिकामी होती.

१८ मे, सोमवार. दुपारी.
फोन लावला. सासऱ्यांनी उचलला. सायलीला दवाखान्यात ठेवले आहे. बाळाचे ठोके तासातासाला बघतात. डॉक्टरांनी विचारले आहे, धूळ कसली आणि किती दिवस. लिहून पाठवा म्हणाले.
मी सांगितले, देखरेख मी स्वतः करत होतो. ते म्हणाले, कोणाची? आणि फोन ठेवला.
लिहायला घेतले. ॲसबेस्टॉस. सात दिवस. ती खोलीतच होती.
का होती, हे डॉक्टरांनी विचारलेले नाही. ते लिहायची गरज नाही.