शुक्रवारचा लिफाफा

३ फेब्रुवारी

एकाच कार्यालयाला रोज पाच-सहा पाकिटं कशाला? आठवडाभराची पत्रं शुक्रवारी एका लिफाफ्यात घालून पाठवा, तातडीचं तेवढं वेगळं — झालं! एवढीशी धाकटीची युक्ती. टपालखर्च निम्म्यावर आला म्हणून साहेबांनी भर बैठकीत तिचे गोडवे गायले. जावक टपाल सांभाळते मी, तिकिटं चिकटवते मी, आणि टाळ्या आमच्या जाऊबाईंना!

घरी आले तर तेच. सासूबाई म्हणाल्या, "डोकं लागतं हो त्याला!" मग माझं काय, नुसतं वेणी घालायला?

५ फेब्रुवारी

तिच्या टेबलाशी नवा पंखा लावला. मला काय त्याचं!

११ फेब्रुवारी

शिपायाने बातमी आणली — मुख्य लिपिकाची जागा धाकटीला देऊ केलीय! नोकरीत मी तिच्या कितीतरी आधीची. सगळे धरून चालले होते की जागा माझीच. आयत्या बिळावर नागोबा! हो, जळते मी. इथे तरी खोटं कशाला लिहू?

तिने अवाक्षर काढलं नाही. संध्याकाळी शेजारी बसून भाजी निवडली. मनात आनंदाच्या उकळ्या फुटत असणार.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी बंद पाकीट घेऊन आली. जागेबद्दल मुख्यालयाला तिचं उत्तर.

"वहिनी, हे तातडीत टाका हं. गुरुवारच्या आत पोचायला हवं."

"टाकते की," म्हटलं.

शुक्रवारच्या खणात टाकलं. नियम कुणाचा? तिचाच! बरं वाटलं.

१९ फेब्रुवारी

पाकीट खणातच. दोनदा बाहेर काढलं, दोनदा परत ठेवलं. मुदत टळली की जागा माझ्याकडेच येणार. दुसरं आहे कोण?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

गेलं. सगळ्यांबरोबर, एकाच लिफाफ्यात.

२६ फेब्रुवारी

धाकटीच्या नेमणुकीचा हुकूम आला. मुदतीत नकार पोचला नाही, म्हणून होकार धरला म्हणे. नकार?

रडवेली होऊन माझ्या टेबलाशी आली. "वहिनी, मी स्वच्छ लिहिलं होतं हो — माझ्या आधी तुमचा हक्क आहे, जागा तुम्हालाच द्या म्हणून. पोस्टानेच घोळ घातला बघा!"

"हो ना," म्हटलं. "पोस्टाचं काही खरं नाही."