भाऊबीजेचा जिताडा

२७ ऑक्टोबर, वरसे

माझी पुरणाची चाळण! ऋतुजा मोरीत बसून तिच्यात उदाची हगलेली घाण धुवत होती! लेकीला एम.एस्सी.ला घातलं ते ह्यासाठी! म्हणे, "पाणमांजर गं आई. कित्येक वर्षं खाडीत नव्हतंच. आता परत आलंय, तर काय खातंय ते बघायचंय." बघ की बाई! पण माझ्या चाळणीत? कुजलेल्या सुकटीसारखा वास. जेवण गेलं नाही. चाळण कचऱ्यात टाकली, तर कार्टीने उचलून आणली.

२९ ऑक्टोबर

अजून मनातून जात नाही — दत्ता यंदा भाऊबीजेला जिताड्याशिवाय आला. वडखळच्या पलीकडे खाडीला लागून त्याचं तळं आहे. माझं लग्न झाल्यापासून दरवर्षी त्यातला सगळ्यात मोठा मासा बहिणीला. यंदा साडी! म्हणाला, "काय आणू ताय? उदानं तळा साफ केला. आजा सांगायचा नाय, उदाला जिताड्याबिगर चालत नाय?"

आजोबा सांगायचे खरं. मेला ऊद. आला कशाला परत?

२ नोव्हेंबर

आज ऋतुजाने ती घाण एसटीतून आणली. मांडीवर पिशवी! शेजारची बाई उठून उभी राहिली म्हणे. मला सांगताना हसत होती. शी!

५ नोव्हेंबर

ऋतुजा खुशीत. इतक्या वेळा धुतलं — चिलापी माशाचे काटे निघाले, चिंबोऱ्यांच्या नांग्या निघाल्या, जिताड्याचा एक खवला नाही! म्हणते, आजोबांच्या वेळी खाडीत जिताडा भरपूर, म्हणून उद तो खायचे. आता चिलापी माजलीय, म्हणून ती खातात. मामाच्या तळ्यात पाणी सोडायची जी उघडी आहे, तिची फळी कुजलीय. जिताडे भरतीला तिथूनच निसटले असणार.

तिने दत्ताला फोनवर हे सांगितलं तर तो उसळला. "घाण धुवून मला शिकवतेस व्हय गो?"

माझ्या भावाला उलट बोलते! तेही बरं वाटलं नाही.

७ नोव्हेंबर

आज टॉवेलालाही तो वास. दत्ताचा फोन आला, त्याच्यापाशी सगळं ओकले. म्हटलं, रोज उघडीच्या दगडांवर हगतात मेले, ऋतुजा तिथूनच गोळा करते. कुठले दगड ते त्याने नीट विचारून घेतलं. मग म्हणाला, "बरा सांगितलास, ताय."

१० नोव्हेंबर

दत्ता फोनवर नुसता हसत होता. "एकच मोठा जिताडा गावला व्हता, तुलाच आणनार व्हतो. त्याच्या पोटात उंदराचा औषध भरला न् ठेवला त्या दगडावर. आता बघ गंमत!"

मी फोन ठेवला. समोर ऋतुजा चाळण घासत होती. माझ्या भावाची किळस आली मला.

१२ नोव्हेंबर

ऊद मेला. मादी होती. वनखात्याच्या डॉक्टरांनी चिरली, कशाने मेली ते अजून कळलं नाही म्हणतात. पोटातलं थोडं ऋतुजाला दिलं. तिने ते चाळणीत धुतलं, पाणी मी ओतलं. मोठमोठे खवले निघाले.

"मामाच बरोबर होता गं आई," म्हणाली आणि रडायला लागली. "जिताडाच खातात. माझंच सगळं चुकलं."

अजून सांगितलं नाही तिला — तो माझ्या भाऊबीजेचा जिताडा होता.