माडीच्या सज्ज्यात साठलेले पाणी

मु. मांडवा, वैशाख वद्य अष्टमी, शके १८५४

रा. रा. दादूजी यांस, आपली बहीण गोदू हिचा नवरा रावजी याचा रामराम. येथील खुशाली शोधून लिहावी लागते. आपली मात्र कळवावी. गोदूचा खोकला आहे तसाच आहे, काळजीचे कारण नाही. गिरणीतून रजा काढून धावत येऊ नये.

समुद्राची हवा लागावी म्हणून तिची खाट दिवसभर माडीच्या सज्ज्यात असते. परवा तिथेच माझा पाय फळीतून गुडघ्यापर्यंत आरपार गेला. खाली आमच्या आत्या मनुबाई तांदूळ निवडत होत्या. सगळेच खाली यायचे आहे की एकच पाय, असे त्यांनी विचारले. पाय सोडवून मी तुळईत सुरी टोचली, ती मुठीपर्यंत गेली. वाळवीने आतले सगळे खाऊन वरचा रंग तेवढा ठेवला होता. खाऱ्या वाऱ्याने गंजलेले खिळे बोटांनी निघत होते. गोदू इतके दिवस यावर निजत होती. तिची खाट मी तेव्हाच आत ओढली.

गावचा सुतार मुंबईला (त्यालाही तुमच्या मुंबईनेच नेले), म्हणून होड्या दुरुस्त करणारा नामा कोळी आणला. त्याने नवी तुळई घातली, खाली टेकू दिले. इथवर ठीक. पुढे त्याचा हात त्याच्या वळणावर गेला. फळ्यांमधल्या फटी त्याने कापूस ठासून, राळ ओतून बुजवल्या, कडेने उभी फळी मारली, मुशी माशाचे तेल चोपडले (गावातली मांजरे तेव्हापासून आमच्याकडेच मुक्कामाला आहेत), कठड्यावर नारळ फोडला, आणि काम पक्के झाले का ते पाहायला घागरींनी पाणी आत ओतू लागला. घागरी मीच वर नेत होतो, हेही लिहिले पाहिजे. पाणी घोट्यापर्यंत चढले, तेव्हा तो समाधानाने म्हणाला, "थेंब न्हाय गलत, रावजी. खुशाल समिंदरात सोडा."

तेवढ्यात ओझ्याने टेकू सरकला, सज्जा पुढे कलला आणि सगळे पाणी मनुबाईंवर आणि तांदळावर गेले. मग गिरमिटाने भोके पाडली, टेकू जमिनीत पुरले. गोदू दारात बसून हे पाहत होती. ती पोट धरून हसली. मला फार बरे वाटले.

बाकी ठीक. घरच्या सर्वांस यथायोग्य सांगावे.

ता. क. मांजरांवर काही उपाय असल्यास कळवावा.

दुसरा ता. क. हे पाकीट बंद करताना लिहितो. वरचे सगळे गोदूला वाचून दाखवले आहे. येऊ नका, हे तिने घातले. हसल्यावर खोकला आला आणि पदराला रक्त लागले, ते मी गाळले. सज्जा यंदाचा पावसाळा काढील असे नामा म्हणतो. अलिबागचे डॉक्टर गोदूबद्दल तेवढेही म्हणत नाहीत. होड्या बंद होण्याआधी या. ती दिवसभर धक्क्याकडे बघत असते. इतक्या लांबून तिला होडीतली तोंडे ओळखू येत नाहीत. तेव्हा होडीत बसू नका, उभे राहा.