लवंगेच्या तेलातला सान क्लेमेंते

३ जून
आज सुरुवात. सासूबाईंचा, म्हणजे नानायचा नवस आहे: पाय बरा झाला तर तळ्याकाठच्या चॅपेलला कोळ्यांच्या संताचं, सान क्लेमेंतेचं ऑइल पेंटिंग. पाय बरा झाला. वय शहाऐंशी, आणि नवस न फेडता मरायची तिला भयंकर भीती. शेजारचा डेल्फिन पेंटर आहे, पण घरात कलाकार असताना बाहेर कशाला? मी नगरपालिकेत तेहतीस वर्षं जन्ममृत्यूचे दाखले लिहिले. हाताला वळण आहे. संताचा उत्सव २३ नोव्हेंबरला. वेळच वेळ.

११ जून
पॅलेटवरचे रंग वाळून दगड. आधी रंग ओले ठेवायची सिस्टिम बसवली पाहिजे. चित्र काय, कधीही होतं.

१२ जून
पॅलेट प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये, तिलापिया माशांच्या वर.

१५ जून
बायको पेर्ला म्हणाली, माशाला टर्पेंटाइनचा वास येतोय, तुझ्या संतालाच वाढ. पॅलेट बाहेर. या घरात कलेची कदर नाही.

२ जुलै
रंग पाण्यात बुडवून ठेवले. कोंबडीने चोच घातली. चोच निळी.

१९ जुलै, दुपारी
सापडलं. दातदुखीचं लवंगेचं तेल! दोन थेंबांत रंग आठवडाभर लोण्यासारखा. डेल्फिन म्हणाला, दादा, जपून, जास्त झालं तर चित्रही वाळत नाही. जळतो मेला. दहा थेंब घातले.

३० ऑगस्ट
रंग मऊ. चित्रात होडी झाली. नानायने विचारलं, चेहरा कधी? सांगितलं, मोठे कलाकार चेहरा शेवटी करतात. म्हणाली, मोठे कलाकार म्हातारीला ताटकळत ठेवतात का? वयाने माणूस चिडचिडा होतो.

५ नोव्हेंबर
नानायला खोकला. अंथरूण सुटत नाही. पेर्ला म्हणते, आई संपायच्या आत तुझं संपव. मूड नाही.

२२ नोव्हेंबर
तीन दिवसांत पूर्ण! रंग इतके ताजे की हात सैल सोडून थापले.

२३ नोव्हेंबर
चित्र मुद्दाम खाली टांगायला लावलं, नानायचा हात पोचावा म्हणून. तिला खुर्चीत बसवून नेलं. उत्सवात संताला रुमालाने पुसून तो आपल्या तोंडावरून फिरवायची रीत; नवस तिचा, म्हणून पहिला रुमाल तिचा. संताचं तोंड पुसलं, तोच रुमाल स्वतःच्या डोळ्यांवर, गालांवर फिरवला. गाल गुलाबी झाले. मला वाटलं, चमत्कार. मागे सगळं गाव रुमाल घेऊन रांगेत. दुपारी संताला नाक नव्हतं. संध्याकाळी तोंडच नव्हतं.

२४ नोव्हेंबर
काल चॅपेलमधून निघताना नानायने फादरना विचारलं, नवस फिटला का? फादर कॅनव्हासकडे बघत राहिले. म्हणाले, देवाला सगळं कळतं. ती घरी येईपर्यंत रडत होती. दोष लवंगतेलाच्या क्वालिटीचा.

१ डिसेंबर
नानाय पहाटे गेली. त्याआधी मला जवळ बोलावलं. वाटलं, माफ करतेय. म्हणाली, तू आता कशाला हात लावू नकोस, डेल्फिनला सांग.

सकाळी जाऊन सांगितलं. तो आतून सान क्लेमेंते घेऊन आला. नवसाचं कळल्यावर जूनमध्येच केला होता, कधीच वाळलाय. आधी का नाही दिलास, विचारलं. म्हणाला, दादा, तुम्हाला वाईट वाटलं असतं.